मापाचं औषध

९ जानेवारी

दादाशी माझं पूर्ण जुळलं. आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच लिहिलं जात असावं.

घरच्या माणसांच्या नमुन्यांना हात लावायचा नाही असा आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे. म्हणून तपासणी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने केली आणि निकाल मला तोंडी सांगितला. दहापैकी दहा खुणा सारख्या. तो "अभिनंदन" म्हणाला. मी "धन्यवाद" म्हणाले आणि हातमोजे बदलले.

दादाला ब्लड कॅन्सर आहे. औषधांनी तो मागे हटलाय, पण परत येईल. म्हणून आता त्याच्या हाडांतली मज्जा, जी रक्त तयार करते, ती पूर्ण मारून टाकायची आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी रुजवायच्या. ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी.

आईला फोन केला. ती म्हणाली, "पाहिलंस? शेवटी रक्ताचं नातं." मी म्हणाले, सख्ख्या भावंडांत जुळण्याची शक्यता चारांत एक असते, त्यात नात्याचं काही कौतुक नाही. ती म्हणाली, "तुझं आपलं काहीतरीच. घे, दादाशी बोल."

दादा गाडी चालवायला शिकवतो. स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल आहे. म्हणजे एक गाडी, एक पाटी आणि तो. "फूटपट्टी," तो म्हणाला. हे माझं नाव, शाळेपासूनचं. "तुझ्याशी माझं जुळतंय हे ऐकल्यापासून आजाराची भीतीच गेली बघ. याहून वाईट काय व्हायचं राहिलंय?"

मागून वहिनीचं हसणं ऐकू आलं. मीही हसले असते, पण फोनवर हसणं मला जमत नाही.

२१ जानेवारी

इंजेक्शनं चालू आहेत. त्यांनी मूळपेशी हाडांतून बाहेर पडून रक्तात येतात. कंबर आणि मांड्या ठणकतात. दात्यांसाठीच्या माहितीपत्रकात "सौम्य अस्वस्थता" असं छापलंय. ते पत्रक मीच तपासून दिलं होतं. पुढच्या छपाईत बदल सुचवेन.

आई माझ्याकडे राहायला आलीय. एका खोलीत दोन माणसं म्हणजे सतत कुणीतरी कुणालातरी "सरक" म्हणत असतं. ती दर थोड्या वेळाने विचारते, "दुखतंय का?" मी नाही म्हणते.

"तुला कधी काही दुखलंच नाही," ती म्हणाली. कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.

ती अंघोळीला गेली की मी लिहून घेते. शाळेत असताना दादाने माझी वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली होती. तिच्यात फक्त खिडकीबाहेरच्या तापमानाच्या नोंदी होत्या. घरी आलेले पाहुणे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तेव्हापासून मी वह्या कुलपात ठेवते.

२५ जानेवारी

दान झालं. दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र मूळपेशी वेगळ्या काढतं, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. हात वाकवता येत नाहीत. नाकाला खाज आली तेव्हा वहिनीने खाजवून दिलं. तिने काही न बोलता ते केलं, हे मला आवडलं.

पिशवी भरली. टोमॅटोच्या पातळ सूपासारखा रंग. आईने पिशवीवर हात ठेवला तशी नर्स तिला ओरडली.

संध्याकाळी तीच पिशवी दादाच्या खोलीत टांगली. आम्ही काचेबाहेर. काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक फोन आहे. दादाने तिकडचा उचलला आणि म्हणाला, "एवढा गाजावाजा करून एवढंच?"

२२ फेब्रुवारी

पेशी रुजल्या. आकडे चढतायत. आई काचेला नाक लावून उभी राहते आणि आलेल्या-गेलेल्याला सांगते, "ही माझी मुलगी. हिनेच दिलं." लोक माझ्याकडे बघतात. अशा वेळी कुठे बघायचं ते मला ठरवता येत नाही.

दादाला नवा खेळ मिळालाय. नर्स रक्त काढायला आली की म्हणतो, "जपून काढा सिस्टर, माझं नाहीये ते. बहिणीचं आहे. एकेका थेंबाचा हिशेब ठेवते ती." आज फोनवर मला म्हणाला, "सकाळी उठल्याउठल्या चादरीच्या कडा सरळ केल्या मी. आयुष्यात पहिल्यांदा. हे तुझंच काम."

"रक्तातून स्वभाव जात नाही," मी म्हणाले. "फक्त रक्त माझं आहे. मेंदू, यकृत, फुप्फुसं, चादरीबद्दलची मतं, सगळं तुझंच आहे. पहिल्यासारखंच."

"म्हणजे गाडी माझी, पेट्रोल तुझं."

"साधारण तसं."

"मग गाडी बिघडली तर तुला बोलायचं नाही. लक्षात ठेवतो."

८ मार्च

प्रयोगशाळेत नव्या उपक्रमाचं उद्घाटन. नाव "मापाचं औषध". कल्पना मॅडमची, म्हणजे आमच्या प्रमुखांची. कार्यपद्धती मी लिहिली. प्रत्येक रुग्णाची रक्ताची एक नळी घ्यायची, त्यातून औषधांशी संबंधित जनुकं वाचायची आणि कुणाला कोणतं औषध किती द्यायचं ते आधीच ठरवायचं. मॅडम सभागृहात म्हणाल्या, "शिंपी माप न घेता कपडा बेतत नाही. मग डॉक्टरने तरी अंदाजाने औषध का द्यावं? एकदा तपासा, आयुष्यभर वापरा."

टाळ्या वाजल्या. विश्वस्तांपैकी एकाने विचारलं, "आयुष्यभर म्हणजे, बदलत नाही कधी?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "माणसाची जनुकं जन्मभर तीच राहतात."

पद्धत पडताळून पाहायला आम्ही सगळ्या कर्मचाऱ्यांनी आपापलं रक्त दिलं होतं. एका एन्झाइमच्या बाबतीत मी मंद गटात निघाले. म्हणजे काही औषधं माझं यकृत सावकाश मोडतं, ती साचतात आणि मला निम्मा डोस पुरतो. मॅडम म्हणाल्या, "बाकी सगळ्यात एवढी चटपटीत आणि इथे मंद. बरं झालं, कुठेतरी माणूस निघालीस."

२६ मार्च

दादा घरी गेला. त्याच्या रक्तात कुणाच्या पेशी किती, हे मोजणारी चाचणी काल झाली. दाता शंभर टक्के. त्याचा रक्तगटही बदलून माझा झालाय.

वहिनीने विचारलं, "म्हणजे ह्यांचं स्वतःचं आता काहीच उरलं नाही?"

"रक्तात नाही."

"चांगलं की वाईट?"

"उत्तम," मी म्हणाले. खरोखरच उत्तम आहे. हा आकडा मी कामात शेकडो वेळा लिहिलाय. आज लिहिताना शून्यं दोनदा मोजली.

१७ एप्रिल

दादा परत दाखल झाला. ताप, कोरडा खोकला. स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात डाग. बुरशी. नव्या रक्ताने शरीरावर उलटू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते आणि अशा शरीरात हवेतली साधी बुरशीसुद्धा घर करते.

प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "बुरशीचं औषध आजच सुरू करतोय. हे औषध प्रत्येकाच्या शरीरात वेगळं वागतं. रक्तातली औषधाची पातळी मोजायला नमुना बाहेर पाठवायचा तर आठवडा जातो. तुमचा जनुकांचा अहवाल लवकर मिळेल का?"

मी मिळेल म्हणाले. नळी स्वतः घेऊन आले. घरच्यांच्या नमुन्याला हात लावायचा नाही हा नियम दाता जुळवण्याच्या तपासणीपुरता आहे, असं मी ठरवलं. दुसऱ्या कुणाकडे द्यावंसं वाटलं नाही.

१९ एप्रिल

अहवाल तयार. दादा मंद गटातला. माझ्यासारखाच.

दोनदा चालवून पाहिलं, तोच निकाल. सोबत चालवलेले पडताळणीचे नमुनेही बरोबर आले. डोस निम्मा करायची शिफारस लिहून सही केली.

मला एकदम बरं वाटलं. त्याचं कारण मला नोंदवता येत नाही. आम्हा दोघांत बाहेरून काही सारखं नाही. तो आईवर गेला, मी कुणावर गेले ते कुणालाच सांगता येत नाही. लहानपणी मला चिडवायला तो म्हणायचा की मला दवाखान्यात बदलून आणलंय. आणि आता हे एक सारखं निघालं, तेही इतक्या आत, जिथे कुणी बघायला जात नाही. मी खुर्चीत बसून दोन्ही आलेख पडद्यावर शेजारी शेजारी लावून बघत होते. एकावर एक ठेवले तर रेघसुद्धा हलत नव्हती.

त्याला सांगायला गेले. ही मी सहसा न करणारी गोष्ट आहे.

"आळशी यकृत?" तो म्हणाला. "आणि तुझंही? मग आयुष्यभर एकट्या मलाच का बोलणी बसली?"

त्याला दम लागत होता, तरी तो बराच वेळ हसला.

२७ एप्रिल

वहिनी कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसली. चहा घेतला नाही. "एक विचारू? रागावू नकोस. शेजारच्या खोलीतल्या काकांना हीच गोळी दोन-दोन देतात. त्यांना उतार पडलाय. ह्यांना एकच. आणि ह्यांचा ताप तर हटत नाहीये."

"त्याच्या जनुकांप्रमाणे बरोबर बेतून दिलंय, वहिनी. सगळ्यांना सरसकट सारखं देणं ही जुनी पद्धत. दादाला दोन दिल्या तर त्या साचतील आणि यकृत बिघडेल."

"तू नीट बघितलंयस ना?"

"मी स्वतः दोनदा बघितलंय."

"मग झालं," ती म्हणाली आणि माझा कप उचलून ठेवून आली. आवाज थोडा वर गेला होता माझा, असं नंतर वाटलं.

४ मे

डाग वाढलाय. आता डावीकडेही आहे. डॉक्टर म्हणाले, बुरशी चिवट जातीची दिसते, औषधाला दाद देत नाही. औषधाची पातळी मोजायची का, असं त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जनुकांचा अहवाल आहे ना. डोस कमी पडत असेल असं वाटतं तुम्हाला?"

"नाही. मंद गटात तो कमी पडायचं कारण नाही."

आई कोपऱ्यात बसून असते. आज मला म्हणाली, "अजून थोडं रक्त देता येत नाही का तुला?"

रक्ताचा प्रश्न नाहीये, मी म्हणाले.

९ मे

आज त्याची टक्केवारीची चाचणी पुन्हा होती. तुलनेला दोन जुने नमुने लागतात, एक दात्याचा आणि एक रुग्णाचा, प्रत्यारोपणाच्या आधीचा. सहकारी रजेवर होता. मी शीतकपाट उघडलं. ट्रेमध्ये दोन नळ्या शेजारी शेजारी. एकीवर माझा क्रमांक. दुसरीवर दादाचा, आणि खाली: "आधी".

ती हातात धरून मी उभी राहिले. कपाट उघडं राहिल्याचा इशारा वाजू लागला.

तुलनेला जुनी नळी का लागते? कारण आताच्या रक्तात तो नाही. आताच्या रक्तात शंभर टक्के मी आहे. हे मला माहीत होतं. मी त्याला काचेतून समजावून सांगितलं होतं.

एकोणीस एप्रिलला मी दोनदा वाचलं ते माझंच जनुक होतं. म्हणून रेघ हलत नव्हती.

रक्त औषध मोडत नाही. यकृत मोडतं. यकृत त्याचं आहे.

कुणीतरी मागून येऊन कपाटाचं दार लावलं.

१० मे

जुनी नळी चालवली. दादा जलद गटातला आहे. अगदी टोकाचा. त्याला नेहमीचा पूर्ण डोससुद्धा पुरला नसता. हे औषध द्यायलाच नको होतं, दुसरं द्यायला हवं होतं. आणि आम्ही या औषधाचं निम्मं देत होतो.

डॉक्टरांना फोनवर सांगितलं नाही, समोर जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रत्यारोपण मी केलं," ते म्हणाले. "रक्त कुणाचं आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण अहवालावर तुमची सही होती. मी पुढे विचारच केला नाही."

"मीही नाही."

त्यांनी लगेच औषध बदललं.

मग मॅडम. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावलं. "चूक हा शब्द वापरू नकोस," त्या म्हणाल्या. "नमुना रक्ताचा आला. रक्तात जे होतं ते तू बिनचूक वाचलंस. अहवाल बरोबर आहे."

"अहवाल माझा आहे, मॅडम. गोळी त्याने घेतली."

"शब्दांचे खेळ नकोत."

"कार्यपद्धतीत मी सगळ्यांसाठी रक्ताची नळी लिहिली. दुसऱ्याच्या मूळपेशी घेतलेल्या माणसाचं रक्त चालणार नाही, ही एक ओळ लिहायला हवी होती."

"ती कुणीच लिहिली नाही. तीन समित्यांनी वाचलंय ते." त्यांनी दाराकडे हात केला. "तुझा सख्खा भाऊ आहे म्हणून तुला हे फार लागतंय. साहजिक आहे. घरी जा."

घरी गेले नाही. अशा अहवालांवर औषध चालू असलेले प्रत्यारोपणाचे आणखी चार रुग्ण आहेत. त्यांच्या जुन्या नळ्या बाहेर काढल्या.

१२ मे

चौघांपैकी तिघांचे निकाल चुकीच्या माणसाचे, म्हणजे दात्यांचे होते. चौथ्याचा योगायोगाने बरोबर. मॅडम म्हणाल्या की हे समितीपुढे ठेवू, पुढच्या महिन्यात बैठक आहे. मी डॉक्टरांना तिघांचे खाट क्रमांक आणि खरे गट सांगून टाकले. दुपारपर्यंत औषधं बदलली. मलाही दुपारपर्यंतच सांगण्यात आलं की मी थकलेली दिसते आणि रजेवर जावं.

तिघांपैकी एक बाई काल मला लिफ्टमध्ये भेटल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या त्या नव्या तपासणीने फार बरं झालं हो. आता सगळं कसं आपल्यापुरतं."

१४ मे

दादाला सांगितलं. आता गाऊन घालून आत जाऊ देतात. जाऊ देतात, याचा अर्थ मला कळतो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलायचं असलं की तो मास्क थोडा उचलायचा.

मी क्रमाने सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता.

"म्हणजे इतके दिवस मी गोळी खात होतो तुझ्या लिव्हरच्या हिशेबाने?"

"हो."

"आणि तुला काहीच झालेलं नाही."

"नाही."

त्याला हसू आलं, मग खोकला. खोकला थांबेपर्यंत मी मास्क धरून ठेवला. "सही तुझी होती?"

"हो."

"स्कूलमध्ये पोरांना सांगायचो मी. माझ्या बहिणीकडे बघा, म्हणायचो. आरशात तीनदा बघितल्याशिवाय ती वळत नाही." त्याने श्वास घेतला. "आता बरा होईन का?"

"औषध बदललंय."

"ते नाही विचारलं."

"शक्यता कमी आहे."

"किती?"

मी आकडा सांगितला. "फूटपट्टी," तो म्हणाला, "एकदा तरी थोडं वाढवून सांगायचं."

त्याच्या चादरीची कड लोंबत होती, ती आत खोचली.

"हिला मी सांगतो," तो म्हणाला. ही म्हणजे वहिनी. "आईला मात्र काही सांगायचं नाही. तिने अख्ख्या जगाला सांगितलंय, लेकीने लेकाला वाचवलं. मी नसलो तरी तेवढं राहू दे तिच्याकडे. कळलं?"

"कळलं."

"नुसतं कळलं नको. कबूल कर."

केलं.

२० मे

दादा सकाळी गेला. बुरशी फुप्फुसातल्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचली होती. रक्तस्राव आवरला नाही. चाचणीच्या भाषेत बोलायचं तर गेलं ते रक्त माझं होतं.

वहिनी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होती. मी जवळ गेले. ती म्हणाली, "मी विचारलं होतं तुला." आवाज अजिबात चढलेला नव्हता. मग ती त्याचे कपडे आणायला आत गेली.

१६ जून

सुधारित कार्यपद्धती आली. त्यात ती एक ओळ आहे. तळाशी नाव मॅडमचं. मला दुसऱ्या विभागात टाकलंय. तिथे नळ्यांवर लेबलं बरोबर लागली आहेत की नाहीत, ते बघायचं.

लिफ्टमधल्या बाई बऱ्या होऊन घरी गेल्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना वाटलं असावं, मला ऐकून बरं वाटेल. मी बरं म्हणाले.

२ जुलै

आईकडे गेले. शेजारच्या काकू आल्या होत्या. आई त्यांच्याशी बोलत होती, मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. दार उघडं होतं.

"रक्त दिलं हो पोरीने," आई म्हणत होती. "पण टिकलं नाही त्याच्यात."

काकू गेल्या. आई आत आली आणि दुसरं फडकं घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

"रक्त टिकलं नाही असं का सांगतेस?" मी विचारलं.

"मग काय सांगू? टिकलं असतं तर गेला असता का?"

"टिकलं होतं."

"तू म्हणशील तसं." तिने एक वाटी पुसून मांडणीवर ठेवली. "तुला बोल लावत नाहीये मी. जे होतं ते दिलंस. पण देण्यात देणं असतं, बाई. तू लहानपणापासून सगळ्यात हात राखून असतेस. शरीराला कळतं ते."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"शंभर टक्के टिकलं होतं, आई. माझ्या रक्ताने तो गेला नाही." आणि मग सगळं सांगितलं. जुनी नळी, यकृत, निम्मी गोळी, सही. क्रमाने, दादाला सांगितलं होतं तसंच. चुकीचा समज राहू नये म्हणून सांगितलं; दुसरं कारण नव्हतं.

आईला किती कळलं, मला माहीत नाही. माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "त्याला माहीत होतं हे?"

"हो. मीच सांगितलं."

"काय म्हणाला?"

"तुला सांगू नको म्हणाला."

आईच्या हातात ताट होतं. तिने ते दोन्ही बाजूंनी पुसलं, कडेने पुसलं, परत पुसलं.

"एवढं तरी ऐकायचं होतंस त्याचं," ती म्हणाली.